गोदूचं पालथं फुलपात्र

गोदू गेल्याची बातमी मला आधी खरीच वाटली नाही. त्यात धक्क्यापेक्षा सवयीचा भाग जास्त होता. तिच्या जाण्याच्या बातम्या याआधी दोनदा मोबाइलवर येऊन गेल्या होत्या, हार घातलेल्या फोटोसकट. दोन्ही वेळा मी ताबडतोब तिला फोन लावला आणि दोन्ही वेळा तिनं उचलून सांगितलं, "मेले न्हाई अजून. बोल, काय करायलीस?" म्हणून तिसऱ्या खेपेला तोच हार, तोच फोटो आला तेव्हा मी नळाचं पाणी भरून घेतलं, हात पुसले आणि मग निवांत फोन लावला. तो तिच्या भाचीनं, रेवानं उचलला. "मावशीला दे," मी म्हटलं. रेवा नुसती रडायला लागली. तरीही मी म्हणाले, "नीट सांग. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं का?" ... त्या पोरीला मी असं विचारलं, याची मला अजून लाज वाटते.

पण मी आहेच तशी. छत्तीस वर्षं सेलूच्या सरकारी कचेरीत कारकून होते. समोर येणारा प्रत्येक कागद उजेडाकडे धरून पाहायचा, सही जुन्या सहीशी ताडायची, शिक्क्याची शाई बोटानं पुसून बघायची... हे करता करता माणसांकडेही मी तसंच पाहायला लागले. दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणी त्यातून सुटलं नाही. गोदू तर नाहीच. तुम्ही तिला पडद्यावरच्या गोदावरीबाई म्हणून ओळखता. राजाची आई, रणात उतरलेली राणी, मुलींची शाळा काढणारी बाई, घरदार सोडून अभंग गाणारी संत... या सगळ्यांचा चेहरा म्हणून तुमच्या डोळ्यांपुढे तिचाच चेहरा येतो. माझ्यासाठी ती मानवतच्या आमच्या गल्लीतली गोदू होती आणि गेली जवळजवळ वीस वर्षं मला तिच्याबद्दल एकच संशय होता. ती माझ्याकडे येते ती मैत्रीण म्हणून, की माझ्या घरातून काहीतरी उचलून न्यायला?

आम्ही दोघी मानवतला एकाच वर्गात होतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिनं राजमातेचं काम केलं तेव्हा तिच्या अंगावर माझ्या आईची शाल होती, आणि घरी परत आली तेव्हा शालीला हळदीचा डाग होता. आई रागावली, तर गोदू म्हणाली, "काकू, राजमातेनं भाजी केली न्हाई का कधी?" तिनं तो डाग मुद्दाम लावला होता, असं माझं तेव्हाही मत होतं. पुढं परभणीला कॉलेज, नाटकाच्या स्पर्धा, मग पुणं, मग मुंबई. कितीतरी वर्षं तिनं पडद्यावर नुसत्या वहिन्या आणि शेजारणी केल्या. चाळिशीला आल्यावर एका दिग्दर्शकानं तिला राजमाता केलं आणि त्यानंतर तिला कुणी साधी बाई करूच दिली नाही. ती वैतागायची. "लिले, आता मला चहा करणारी बाई कुणी द्यायलं न्हाई बघ. सगळ्या तलवारवाल्या, न्हाईतर टाळवाल्या."

भूमिका चालू असेपर्यंत ती त्या थोर बाईचं नाव घेत नसे. नुसतं 'त्या' म्हणायची. "सध्या त्या चालू हायेत." म्हणून मीही इथं नावं लिहीत नाही. आणि प्रत्येक 'त्यां'चं काम सुरू व्हायच्या आधी ती चार दिवस सेलूला यायची. स्टेशनवर उतरायची, डोक्यावरून पदर घेतलेली, म्हणजे कुणी ओळखू नये. चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात पाटावर भिंतीला टेकून बसायची. येसर आमटी आणि भाकरी खायची. आणि बघायची. मी कणीक मळतेय, ती बघतेय. भांडेवाली कलाबाई आली, तिच्याशी गप्पा मारता मारता तिच्या हातांकडे बघतेय. मी एकदा विचारलं, "मुंबईत बायका नाहीत का?" तर म्हणाली, "चित्रात त्या सगळ्या बसलेल्याच असतात, लिले. न्हाईतर घोड्यावर. उठून पाणी कशा पितात, रागावल्यावर भाकरी कशी थापतात, ते कोण सांगणार? ते मला तुमच्यात दिसतंय." मला ते तेव्हा गोड वाटलं होतं. राणीचं पाणी पिणं माझ्यासारखं असेल, ह्या कल्पनेनं मी चार दिवस ऐटीत पाणी प्याले.

मग वसंतराव गेले. माझे यजमान. शाळेत शिकवत असताना, फळ्यापाशीच कोसळले. निरोप घेऊन शाळेचे शिपाई सायकलवरून आले. भर दुपार होती, त्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही जेवलात का?" मी असं का म्हणाले, मला आजही ठाऊक नाही. पुढच्या दिवसांत ते शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळे पुसत सांगायचे, "बाईंनी आधी माझ्या जेवणाचं विचारलं हो..." गोदू दुसऱ्याच दिवशी आली होती. तेराव्यापर्यंत राहिली. माझ्या शेजारी सतरंजीवर झोपली, माझे केस विंचरले, मला बळंच भरवलं. माझ्या सख्ख्या बहिणींनी केलं नाही तेवढं तिनं केलं. हे मी नाकारत नाही.

दोन वर्षांनी तिचा राणीचा पिक्चर लागला. कचेरीतल्या आम्ही पाचजणी सुट्टी टाकून परभणीला गेलो. राजा लढाईत पडतो. जासूद धावत येतो, निरोप सांगतो. राणी त्याच्याकडे पाहते आणि म्हणते, "तुम्ही जेवलात का?" ... सबंध थिएटर हुंदके द्यायला लागलं. माझ्या दोन्ही बाजूच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या घरातलं वाक्य मी तिकीट काढून ऐकत होते. नंतर मला कुठंतरी वाचायला मिळालं, की त्या पिक्चरची बोलणी नेमकी वसंतराव गेले त्याच सुमारास चालली होती. म्हणजे माझ्याजवळ सतरंजीवर झोपली होती तेव्हा तिच्या डोक्यात 'त्या' होत्या. आता मला सांगा, ते तेरा दिवस कुणासाठी होते? माझ्यासाठी, की त्यांच्यासाठी?

तिचा फोन आला. "पाह्यलास का?" "पाहिला." "मग?" "चांगला झालाय." "अजून काई?" "अजून काही नाही," मी म्हटलं. विचारायचं ते मी विचारलं नाही. त्याऐवजी, कचेरीत शिकले होते ते केलं. संशयिताला हटकायचं नाही, पुरावा होऊ द्यायचा.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा नव्या राणीचं काम होतं. दुपारची जेवणं झाली होती. माझ्या हातात फुलपात्र होतं, लग्नात मिळालेलं, वसंतरावांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. मी पाणी प्याले आणि ते ओट्यावर ठक्कन पालथं घातलं. मग म्हणाले, "कलाबाईच्या पोरीचं शिक्षण मी बंद पडू देणार नाही." गोदूचे डोळे लगेच तिकडं वळले. "हे काय गं?" मी अगदी सहज सांगितलं, "आमच्या झरीची रीत आहे. आजोळची. बाईनं काही मोठं ठरवलं की पाणी प्यायचं, भांडं पालथं घालायचं आणि मग बोलायचं. त्यानंतर शब्द फिरवायचा नाही." धडधडीत खोटं. असली काहीही रीत झरीला नाही, कुठंच नाही. भांडं हातात होतं म्हणून सुचलं. तिनं विचारलं, "मग सरळ कधी करायचं?" एवढा विचार मी केला नव्हता. म्हटलं, "जिनं पालथं घातलं तिनंच सरळ करायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." गोदूनं ते मनात घोळवलं. "लय भारी हाय," म्हणाली. त्या खेपेला ती गेल्यावर ते फुलपात्र मला पुन्हा दिसलं नाही. मी कलाबाईवर संशय घेतला. तोंडावर बोलले नाही, पण तेव्हापासून ती भांडी घासून गेली की मी मोजून ठेवायला लागले.

पुढं काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. भर दरबारात म्हातारे सरदार राणीला गादी सोडायला सांगतात. ती चांदीच्या फुलपात्रातून शांतपणे पाणी पिते, ते पालथं घालते आणि म्हणते, "ठरलं." शिट्ट्या आणि टाळ्या. माझा पुरावा सत्तर फुटी पडद्यावर! मी पकडलं होतं तिला. आणि खरं सांगते, घरी येऊन मला जेवण गेलं नाही. संशय खरा ठरला की बरं वाटतं असा माझा समज होता.

त्यानंतर ते लोण पसरलं. जयंतीला शाळेतल्या मुली नऊवारी नेसून प्लॅस्टिकचे पेले पालथे घालायला लागल्या. ग्रामसभेत सरपंचबाई ग्लास पालथा घालून बोलायला लागल्या. एका प्राध्यापकांनी तर लेख लिहिला, की मराठवाड्यातल्या स्त्रियांची ही फार जुनी निर्णयरीत आहे. झरीची माझी मामी, आता पंच्याऐंशीची आहे, ती तर लोकांना मी कुठं बसून पालथं घालायचे तेही दाखवते, असं माझ्या कानावर आलं. मी गप्प. काय बोलणार? खोटं सांगितलं म्हणून कबूल केलं, तर का सांगितलं तेही सांगावं लागणार. एका थोर बाईच्या अंगाला मी माझ्या संशयाची खोड चिकटवली होती आणि सगळा महाराष्ट्र तिला हात जोडत होता.

गोदू येतच राहिली. दरवर्षी, तेच चार दिवस. शेवटची मागच्या हुरड्याच्या दिवसांत आली. औषधांनी केस गेले होते, डोक्याला रुमाल बांधलेला. शेतात जायची ताकद नव्हती, म्हणून मी हुरडा भाजून घरीच आणला. तिनं दोन चिमट्या खाल्ल्या असतील. मग एकदम म्हणाली, "लिले, तुला मला काई विचारायचं असंल तर विचारून घे." मी तव्यावरची भाकरी उलटत होते. "काही नाही गं." ती हसली. "बघ हं. तुझ्या जागी मी असते तर विचारलं असतं." ... तेव्हा मी मागे वळून पाहिलं असतं, तर हा लेख वेगळा झाला असता.

मानवतला शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. मी पहिल्या रांगेत. अध्यक्ष पाणी प्याले, त्यांनी स्टीलचा पेला टेबलावर पालथा घातला आणि म्हणाले, "गोदावरीबाईंनी जगाला दाखवलेल्या आपल्या जुन्या रीतीनं, त्यांचं स्मारक उभारण्याचा निर्धार मी जाहीर करतो." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मला हसूही येत होतं आणि हुंदकाही. शेजारी बसलेल्या रेवानं माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी ती सेलूला माझ्याकडे आली, पिशवीतून एक टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली आणि ओट्यावर ठेवली. टॉवेल बाजूला केला. फुलपात्र होतं. पालथं. अंगावर ठिपक्याठिपक्यांचं नाव, वसंतरावांचं. सतरा वर्षांपूर्वी हरवलेलं.

रेवा म्हणाली, "लीलामावशी, हे ती शूटिंगलासुद्धा बरोबर न्यायची. पडद्यावर चांदीचं दिसतं, पण तालमी सगळ्या ह्यानंच. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, अजून एकदा उपचार करून पाहू. तिनं ह्यात पाणी मागितलं, प्यायली, बाजूच्या टेबलावर हे पालथं घातलं आणि म्हणाली, 'नको आता.' मी विचारलं, मावशी, ही खरंच जुनी रीत आहे का गं? तर म्हणाली, 'न्हाई गं. ती लिलीनं माझ्यासाठी बनवलेली हाय. बाकीचं सगळं मी तिच्याकडून न विचारता उचललं. एवढं एक तिनं हातानं दिलं.'" रेवानं टॉवेलाची घडी घातली. "ती गेली तेव्हा हे असंच होतं. नर्सला मी हात लावू दिला नाही. सरळ कुणी करायचं मला माहीत नव्हतं, म्हणून तसंच आणलं."

आता तुम्ही म्हणाल, मला रडू फुटलं असेल. नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? पोरगी बनवून तर सांगत नाही ना? गोड भाची, गेलेली मावशी, असं वाक्य जुळवून आणणं काही अवघड नाही. आणि गोदूनं खरंच म्हटलं असेल, तरी गोदू नटी होती. मरतानासुद्धा वाक्य माझ्यापर्यंत पोचेल असं बोलली असेल. पण ती रीत मी बनवली, हे तिला कळलं कसं? मी तर कुणा जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. रेवाला गाडीत बसवलं आणि दुसऱ्या सकाळी एसटीनं झरी गाठली.

मामी अंगणात तूर निवडत बसली होती. मी सरळ विचारलं, "मामी, गोदू कधी तुझ्याकडं आली होती का? ते भांडं पालथं घालायचं विचारायला?"

"हाव की. लय वर्षं झाली. त्या पिक्चरच्या आधी. सगळं इचारून घेतलं तिनं."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हणलं, असलं काई नसतंय आमच्यात. लिली थापा मारायली."

"आणि आता लोकांना जागा दाखवतेस ती?"

मामीनं सूप खाली ठेवलं. "मला कामून रागावायलीस? गोदीच म्हणली व्हती. 'मामी, उद्या कुणी इचारत आलं तर हाय म्हणा. लिलीला खोटं पडू देऊ नका.' हात धरला व्हता तिनं माझा. हसायली व्हती... का रडायली व्हती, आता ध्यानात न्हाई बाई."

परतीच्या एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. म्हणजे तिला माहीत होतं. पिक्चरच्या आधीपासून. मी सापळा लावलाय, का लावलाय, सगळं. ती डोळे उघडे ठेवून त्यात शिरली आणि वर मी खोटी पडू नये म्हणून झरीपर्यंत बंदोबस्त करून आली. आणि सतरा वर्षं माझ्या ओट्यापाशी बसून वाट पाहत राहिली, मी कधी विचारते म्हणून. मग, सेलू जवळ आलं तेव्हा, मला एक साधी गोष्ट सुचली. कागद उजेडाकडे धरून पाहणारी मी, हे मी कधी ताडूनच पाहिलं नव्हतं. शेवटची सहा वर्षं गोदूच्या हातात एकही काम नव्हतं. ना राणी, ना संत, ना शेजारीण. 'त्या' कुणीच चालू नव्हत्या. तरी ती सहाही वर्षं आली. तेच चार दिवस, त्याच पाटावर. तेव्हा ती कुणासाठी येत होती?... शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं वो, बरं वाटंना का?" मी बसमध्ये मोठ्यानं रडत होते.

तेव्हा आता लिहून टाकते. फुलपात्र पालथं घालायची रीत झरीची नाही, मराठवाड्याची नाही, जुनी नाही. ती मी माझ्या मैत्रिणीला चोर ठरवायला बनवली. प्राध्यापकांनी आणि अध्यक्षांनी मला माफ करावं. कलाबाईची माफी मी समोरासमोर मागितली. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं बाई, तुमी मोजायलात ते." तिलाही माहीत होतं. मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं.

ते फुलपात्र अजून रेवानं ठेवलं तिथंच आहे, ओट्याच्या कोपऱ्यात, पालथं. जिनं पालथं घातलं तिनंच सरळ करायचं, हा नियम माझा. मी बनवला, तेव्हा मी मोडूही शकते. पण हात होत नाही. गोदूनं हे जाणूनबुजून माझ्या गळ्यात मारलंय, असा मला दाट संशय आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादा संशय खरा निघावा असं मला मनापासून वाटतं. काल कलाबाईनं भांडी गोळा करताना त्याच्याकडं हात नेला आणि विचारलं, "बाई, ह्ये घासायचं का?"

"राहू दे," मी म्हटलं. "तिचं आहे ते." आणि फडकं घेऊन त्याच्या भोवतीनं ओटा पुसून काढला.